कन्हानकाठचा साहेब

माणूस देश सोडून निघाला की विमानतळावर त्याची बॅग तोलतात, खिसे चाचपतात, पासपोर्टावरचा फोटो आणि समोरचं तोंड पडताळून बघतात. पण त्या तोंडातल्या जिभेची चौकशी कुणी करत नाही. ती बिनपावतीची, बिनव्हिशाची खुशाल पलीकडे जाते आणि आठवडा उलटायच्या आत कुरकुर सुरू करते. मराठी जिभेची ही कुरकुर आपल्या चांगल्या ओळखीची आहे. तिच्यासाठी आपण हळहळलो आहोत, चकल्यांचे डबे पाठवले आहेत, आणि कुणी कुणी तिच्यावर धंदाही उभा केला आहे. लंडनच्या हाउन्स्लो भागात मंदीत नोकरी गेलेल्या एका मुंबईकरानं जुन्या मित्राला सोबत घेऊन २०१० साली आईस्क्रीमच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात वडापाव तळायला घेतला, आणि पुढं त्याच्या शाखा निघाल्या. ही बातमी आपण इकडे इतक्या कौतुकानं वाचली, की वडा काही आपणहून समुद्र ओलांडून गेला नाही, आपणच त्याला खांद्यावर बसवून नेला असं वाटावं.

उलट दिशेनं आलेल्या जिभेचं मात्र आपल्या ध्यानीमनी नसतं. इंग्रज इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्यानं रूळ टाकले, जमिनी मोजल्या, आपल्या राजेरजवाड्यांचे तंटे तोडले आणि नवे लावून दिले. पण संध्याकाळी सातच्या सुमारास त्याच्या पोटात नेमकं काय कालवत असेल, हा प्रश्न शाळेतल्या इतिहासाच्या पेपरात ‘थोडक्यात उत्तरे लिहा’मध्येसुद्धा कधी आला नाही. राज्य करणाऱ्याला घरची आठवण येत नसावी, अशी आपली एक भाबडी समजूत. आता तो राज्य करत नाही, नुसता हिंडतो. स्पेनच्या बेनिडॉर्मला जाऊन उन्हात लालबुंद होतो. समोर भूमध्य समुद्र, बाजारात त्याच समुद्राची ताजी मासळी, आणि हा पठ्ठ्या गल्लीबोळांतून ‘फिश अँड चिप्स’ची पाटी धुंडाळत असतो. बरं, नुसती पाटी सापडून भागत नाही. चव अगदी घरच्यासारखी हवी आणि दर घरच्याहून चार आणे कमी हवा. ह्या दोन अटी एकत्र आल्या की जमणं किती अवघड होतं, ते उपवर मुलीच्या बापाला विचारावं.

मला ह्या धडपडीची गंमत वाटायची, लांबून वाटते तशी. मग एका डिसेंबरात असाच एक इंग्रज आमच्या खाप्याच्या घरी उतरला. वय वर्षं आठ, समोरचे दोन दात पडलेले, पासपोर्ट निळा, आणि मला आबाजी म्हणणारा.

लेक-जावई ओल्डहॅमला असतात. दोघांनाही रजा नव्हती, म्हणून शाळेच्या सुट्टीच्या थोडं आधीच नातवाला एका ओळखीच्या कुटुंबासोबत आमच्याकडे पाठवलं. खापा म्हणजे नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हानच्या उंच काठावर बसलेलं जुनं विणकरांचं गाव. जवळ गुमगावला मँगनीजची खाण आहे. इथली नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे मुंबईहून आगगाडी नागपुरात पोचली त्याच वर्षाची. पण ह्या वडीलकीचं गावानं कधी अवडंबर माजवलं नाही. पोराला गाव आवडलं. गच्चीवरचे पतंग आवडले, कोपऱ्यावरच्या बकऱ्या आवडल्या, संत्री तर तो टोपलीतच बसून खायचा. आजीची पोळी, वरण-भात, तूप, सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. आणि मग शुक्रवार आला.

“आजी, आज फ्रायडे आहे ना?”

आजीचा मार्गशीर्षातला गुरुवार आदल्याच दिवशी झाला होता. तिला वाटलं, पोराला व्रतवैकल्याची गोडी लागली. “हाव बाप्पा, शुक्रवारच हाय. काऊन?”

काऊन ते मग हळूहळू उलगडलं. त्याच्या शाळेत दर शुक्रवारी जेवणात फिश अँड चिप्स असतात. ज्या शुक्रवारी शाळेला सुट्टी, त्या शुक्रवारी संध्याकाळी बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतात. पावसात रांग लावून आणतात, कागदाच्या पुडक्यातून वाफ येते, आणि गाडीत बसल्यावर घरी पोचेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा नियम असतो, तो पहिल्या वळणावर मोडतो. हे सगळं त्यानं मोठ्या माणसासारखं, हात मागे बांधून सांगितलं. हट्ट केला नाही, पाय आपटले नाहीत. आमच्या पिढीनं भोकाड पसरणाऱ्या पोरांना गप्प करण्याच्या शंभर युक्त्या शिकून ठेवल्या आहेत. समजूतदार पोरापुढं मात्र आपण निःशस्त्र असतो. त्यानं अर्धी पोळी साखरेशी खाल्ली आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की उत्तर समुद्रातला सगळा मासा मीच दडवून ठेवला आहे.

“पोट्ट्याले काय पाह्यजे ते आनून द्या ना जी.”

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी नागपूरला गेलो. एका चकचकीत ठिकाणी, ज्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, मेनूकार्डावर फिश अँड चिप्स सापडले. किमतीच्या आकड्यात खाप्याच्या बाजारात आठवड्याची भाजी येऊन वर कोथिंबीर फुकट मिळाली असती. शिवाय कर निराळा. थोड्या वेळानं एक पाटी आली, पाटी म्हणजे शाळेतल्यासारखी काळी दगडी पाटीच. तिच्यावर माशाचे दोन तुकडे, आणि बाजूला तळणीच्या जाळीच्या टोपलीची इवलीशी प्रतिकृती, भातुकलीत शोभेल अशी. त्या टोपलीत उभे केलेले बटाट्याचे काप मला बसल्या जागी मोजता आले. मासा व्हिएतनामचा बासा. समुद्राशी त्याचा संबंध जहाजातून येण्यापुरता. वाढतो मेकाँग नदीच्या तळ्यांत. नातवानं एक तुकडा खाल्ला, वेटरला ‘थँक यू’ म्हटलं, आणि मग जाळीच्या टोपलीशी खेळत बसला. उरलेला बासा मी संपवला. पैशाच्या दुःखाला टार्टर सॉस लावून खाता येतं, हे ज्ञान मात्र त्या दिवशी पदरी पडलं.

परतीच्या बसमध्ये त्याला झोप लागली आणि मी खिडकीशी बसून हिशेब करत राहिलो. ओल्डहॅमलाही हे स्वस्त राहिलेलं नाही, असं लेक सांगत असते. २०१९ साली तिकडे साडेसहा पौंडांच्या आत मिळणारी प्लेट पाच वर्षांत दहा पौंडांच्या घरात गेली. युक्रेनात युद्ध पेटलं तसं सूर्यफुलाचं तेल महागलं, रशियाचा मासा महागला, कढईखालचा गॅस महागला, आणि गरिबाच्या पुडक्याला श्रीमंताचा भाव आला. ते दहा पौंड म्हणजे आपले हजार रुपयांच्या वर. म्हणजे मूळ गावी हजार, परगावी सातशे, आणि दोन्हीकडे हळहळ सारखीच.

मग मी ह्या पदार्थाची कुळकथा खणायला बसलो. निवृत्त माणसाला कुणाचीही कुळकथा खणायला सवड असते. निघालं ते असं, की इंग्रजांचा म्हणून मिरवणारा हा पदार्थ स्वतःच परदेशातून आलेला. पिठात घोळवून तळलेला मासा लंडनला आणला तो स्पेन-पोर्तुगालातून छळामुळं परागंदा झालेल्या ज्यू लोकांनी. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. ह्या दोन निर्वासितांचं लग्न कुणी लावलं ह्यावर इंग्लंडात अजून भांडण आहे. लंडनकर म्हणतात, १८६० च्या सुमाराला जोसेफ मॅलिननं पूर्व लंडनमध्ये लावलं. उत्तरेकडचे म्हणतात, छे, १८६३ साली मॉस्लीच्या बाजारात लाकडी खोपटात जॉन लीसनं. मॉस्ली आमच्या ओल्डहॅमपासून अगदी जवळ. ओल्डहॅमच्या टॉमीफील्ड बाजारात तर चिप्सच्या दुकानांचा उगम इथलाच, असं सांगणारी पाटीच लावलेली आहे. जावईबापू पाहुण्यांना ती दाखवायला नेतात. माणूस परगावी रुळला हे ओळखायची माझी खूण हीच, की तो तिथल्या भांडणात बाजू घेऊ लागतो.

पण ते १८६३ साल माझ्या डोक्यातून जाईना. त्या वर्षी लँकेशायर उपाशी होतं. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस बंद, गिरण्या थंडगार, विणकर आणि सूत कातणारे सूप वाटपाच्या रांगेत. अशा वर्षी कुणाला तरी कढई चढवावीशी वाटली. आणि तिकडे कापूस नाही म्हणून इकडे वऱ्हाडच्या, हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. व्यापारी आले, गठाणी निघाल्या, मागोमाग रूळ आले. आमचा कापूस तिकडे गेला आणि त्याचं सूत होऊन पुन्हा आमच्या मागांवर येऊन बसला. माझे आजोबा खाप्यात खड्डामागावर लुगडी विणायचे. बारीक लुगड्याला विलायती सूत चांगलं, असं ते अगदी निर्विकारपणे सांगत, जसं एखाद्यानं सांगावं की विहिरीपेक्षा नदीचं पाणी डाळ शिजायला बरं. त्यांच्या धोट्यातून धावणारा धागा मँचेस्टरच्या आसपास कुणी कातला असेल, आणि कातणाऱ्यानं कामावरून सुटल्यावर काय खाल्लं असेल, हा विचार त्यांना शिवला नसणार. मला शिवला, कारण माझा नातू तेच खातो.

लँकेशायरच्या गिरण्यांत नवराबायको दोघंही राबायचे. संध्याकाळी भोंगा झाला की चूल पेटवायचं त्राण दोघांतही उरलेलं नसे. समुद्र लांब, पण आगगाडी होती, बर्फ होता, आणि ग्रिम्सबीसारख्या बंदरांतून मासा रातोरात आतल्या गावांत पोचायचा. कोपऱ्यावर गरम पुडकं मिळे, पोट गच्च भरे, चरबीनं अंगात ऊब येई. जॉर्ज ऑर्वेलनं १९३७ सालच्या ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये अर्धवट गमतीनं लिहून ठेवलं आहे, की अशा चार स्वस्त चैनींनी इंग्लंडातली क्रांती टाळली असावी. फिश अँड चिप्स त्यांतली एक. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मांस सगळ्याला रेशनिंग लागलं, ह्याला नाही. ऑर्वेलच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधी, १९३१ च्या सप्टेंबरात, गांधीजी लँकेशायरच्या डार्वेन गावी गिरणी कामगारांना भेटायला गेले होते. विदेशी कापडावरच्या बहिष्कारानं ज्यांच्या पोटावर पाय आला, त्यांनीच त्यांचा जयजयकार केला. खजूर आणि बकरीच्या दुधावर राहणारा तो पाहुणा तळणीच्या दुकानांवरून गेला असेल तेव्हा दुकानदारांना काय वाटलं असेल, ह्याचं चित्र मी कितीदा तरी रंगवलं आहे.

आणि इकडे आमचं काय? सुताला खळ द्यायची पाजणी उन्हं चढायच्या आत उरकायची, मग पुरुष मागावर, बाई कांड्या भरायला, पोरं धागे सोडवायला. चूल एकदाच पेटणार. तिच्यावर असं काही शिजलं पाहिजे की दोन वेळ टिकेल, आणि मटण थोडं असलं तरी रश्श्याच्या जोरावर भाकरीची चवड संपेल. खसखस, जवस, खोबरं, दगडफूल, मिऱ्याची आग, आणि वर बोटभर तर्री. मोजणारे त्यात बत्तीस मसाले मोजतात. आमच्या आईनं कधी मोजले नाहीत, ती मुठीनं टाकायची. पुढं माग थांबले. नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली, तीही २००२ साली कायमची बंद झाली. विणकरांच्या घरांतून मग ‘सावजी भोजनालय’ अशा पाट्या लागल्या. ज्या घरात धोटा वाजायचा तिथं ओट्यावर पाटावरवंटा वाजू लागला. आज पुण्या-मुंबईचे शौकीन डोळे पुसत तो रस्सा ओरपतात आणि वर सांगतात, अस्सल नागपुरी. अस्सल कुठलं, थकलेल्या घरची सोय ती.

ह्या एम्प्रेस मिलमध्ये जेम्स ब्रुक्सबी नावाचा एक इंग्रज तंत्रज्ञ होता. यंत्रांची बाजू तो सांभाळायचा. ह्या मिलनं नव्या तऱ्हेच्या रिंग चात्या खुद्द लँकेशायरच्याही आधी हौसेनं चालवून पाहिल्या, असा तिचा लौकिक. इतिहासानं चात्यांची नोंद ठेवली. मला मात्र मे महिन्यातला, नागपूरच्या उन्हातला ब्रुक्सबी दिसतो. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं, खानसामा रोजच्याप्रमाणं कोंबडीचं काहीतरी घेऊन उभा, आणि साहेब भिंतीकडे बघत शुक्रवार मोजतो आहे. कामठीच्या छावणीत तर १८२१ पासून गोऱ्या पलटणी. छावणीच्या अंगणातून वाहते ती हीच आमची कन्हान. खाप्यावरून गेलेलं पाणी त्यांच्या दारात जायचं, त्यातली मासोळीही जायची. एखाद्या टॉमीनं कंदिलाच्या उजेडात ती पिठात बुडवून तळली असेल आणि पहिल्याच घासाला काटा लागून मातृभूमीला हाक मारली असेल.

काट्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आमचं सगळं घोडं तिथंच अडलं. कॉड आणि हॅडॉक हे सभ्य मासे. काटे काढून त्यांची पाटीएवढी सलग चकती निघते. आपला रोहू म्हणजे सुयांचं पुडकं. नागपुरात मासोळीचा सल्ला घ्यायचा तर बंगाल्याकडून घ्यावा. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे निघाली तेव्हापासून तो ह्या शहरात मासे पारखतो आहे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोनवर भेटकी सुचवली, कलकत्त्याच्या फिश फ्रायचं तासभर वर्णन केलं, आणि भाव सांगितला तेव्हा मी विषय हवापाण्यावर नेला. शेवटी तोड काढली ती आमच्या बाजारातल्या ढिवरिणीनं. टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला सारून ती म्हणाली, “लेकराले देता ना? मंग मरळ न्या जी. मधातला एक काटा काढला का झालं. पाहा, अजून हालते.” खरंच हलत होती. काळी, चिवट, सापाच्या तोंडाची. दिसायला कुठल्याही शुक्रवारच्या जेवणाला न शोभणारी. भावात घासाघीस केली नाही. हे वाक्य मी ह्या लेखात अभिमानानं नोंदवतो, कारण घरी कुणाचा विश्वास बसला नाही.

ओल्डहॅमहून लेक मोबाइलच्या पडद्यावर हजर झाली. पंधरा वर्षांपूर्वी हीच पोरगी तिथं नवी असताना रात्री रडवेल्या आवाजात फोन करायची. सावजीसाठी तिनं मँचेस्टरच्या विल्मस्लो रोडवरची ती हॉटेलांची प्रसिद्ध रांग पालथी घातली होती. स्वस्त होतं, भरपूर होतं, आणि प्रत्येक वाटीत साखर लागत होती. मग हिनं मसाला कुटून पाठवला, आणि लेकीनं घरीच फोडणी घातली, तर खोलीतला धुराचा भोंगा असा कोकलला की शेजारचे पायजम्यावर रस्त्यावर आले. फिश अँड चिप्सशीही तिची सोयरीक सहज जुळली नव्हती. तिकडे उत्तरेत पुष्कळ दुकानं गाईच्या चरबीत तळतात; पहिली काही वर्षं ती काउंटरवर आधी तेल विचारायची आणि मग दर. आता ती इंग्लंडातून आईला इंग्रजी स्वयंपाक शिकवत होती, आणि आई ओट्याशी उभी राहून नागपुरीत ऐकत होती.

“आई, मैद्यात ओवा नाही टाकायचा.”

“जरासाक टाकते. पोट दुखन पोराचं.”

“हिंगही नाही. हळद तर नाहीच नाही. आणि बिअर घालायची थोडी, त्यानं कुरकुरीत होतं.”

हे ऐकून आजीनं देवघराचं दार लोटून घेतलं. बिअरऐवजी गोळीसोड्याची बाटली आली, आणि मी तज्ज्ञाच्या आविर्भावात सांगितलं की काम बुडबुड्यांचं आहे, दारूचं नाही. बटाट्यानं त्रास दिला. तिकडे मॅरिस पायपर नावाचा पिठूळ बटाटा खास ह्या कामाला वापरतात. आपला शीतगृहातला बटाटा गारठ्यानं गोडसर होतो आणि तेलात पडला की आत कच्चा असतानाच बाहेरून गुळासारखा काळवंडतो. दोनदा तळावा लागला. आधी मंद, मग कडक. सोबतीला लागतात म्हणून हिरवे वाटाणे सोडा घालून रात्रभर भिजवले होते, ते शिजून गाळ झाले. हिनं चमचा बुडवून चाखला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “उसळ करता करता कोनी मेलं होतं काय यांच्या इथं?”

व्हिनेगर राहिलं होतं. आमच्या किराणा दुकानात चायनीजच्या गाडीवाल्यांसाठी पांढरं मिळतं, पण पोराला तपकिरी हवं, जवाचं. ते मी ऑनलाइन मागवलं होतं. किंमत बघून डोळे मिटले आणि बटण दाबलं. बाटली चांगली ऐसपैस आली.

आता पुडकं. मी ‘हितवाद’चा अंक घडी करून तयार ठेवला होता. नागपुरात इंग्रजी खाणं इंग्रजी पेपरातच द्यावं, ह्या मताचा मी. पडद्यावरून लेक ओरडली, “बाबा, शाई लागते!” तिचं खरं होतं. तिकडे ही पद्धत १९८० च्या दशकातच बंद पडली, आणि आपल्याकडेही अन्नसुरक्षावाल्यांनी २०२३ साली पेपरात खाणं देऊ नका म्हणून बजावलं आहे. तेव्हा आत पांढरा कागद, बाहेर ‘हितवाद’, अशी तडजोड झाली. नातू पायरीवर बसला. पुडकं मांडीवर घेतलं, बाटली उलटी करून व्हिनेगर शिंपडलं, नाकाशी वाफ घेतली, आणि बोटानं वरचं कवच उचकटून आधी तेवढंच खाल्लं. मग मरळ. मग बराच वेळ क्रिकेटची बातमी वाचत एकेक चिप. मी आणि ही खांबाआड उभे, बोर्डाच्या परीक्षेला पोर बसवून फाटकाशी थांबलेल्या आईबापांसारखे.

“आबाजी, करी सॉस आहे?”

आता हे आणखी काय? लेकीनं समजावलं, उत्तरेकडच्या दुकानांत चिप्सवर एक पिवळट, गोडसर, पातळ करी ओततात. ती हिंदुस्थानातून गेली असं तिकडचे मानतात. इथला कुणी तिला ओळख देणार नाही. हिनं काही न बोलता आत जाऊन आदल्या दिवशीचा रस्सा गरम केला आणि वाटीत आणून ठेवला. “कमी घे,” म्हणून बजावलंही. त्यानं चिप बुडवली. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, दोन पडक्या दातांच्या फटीतून हवा ओढत तो अंगणात गोल धावला, हिच्या हातून गुळाचा खडा घेऊन तोंडात टाकला, आणि येऊन पुन्हा चिप बुडवली. ओल्डहॅमला पडद्यावर त्याची आई हसता हसता डोळे पुसत होती. ती हसत का होती आणि पुसत काय होती, ह्याचा मी तपास केला नाही.

रात्री वही काढून मी खर्च मांडला. मरळ, तेल, दोनदा तळण्याचा गॅस, गोळीसोडा, फुकट गेलेले पहिले बटाटे, नागपूरचं जाणं-येणं आणि तिथला बासा, वर ते विलायती व्हिनेगर. दर प्लेटी जो आकडा आला, तो ओल्डहॅमच्या दहा पौंडांना लाजवणारा होता. म्हणजे जगातले सगळ्यात महाग फिश अँड चिप्स बहुधा खाप्यात झाले. पण व्हिनेगरची बाटली अजून पाऊण भरलेली आहे. नातू परत गेल्यापासून ही ते कापलेल्या कांद्यावर टाकते, आणि रविवारच्या मटणाशी तो कांदा फार बहारीचा लागतो असं तिचं म्हणणं आहे. समोरच्या काकूही वाटी घेऊन येऊन गेल्या. प्रत्येक रविवारी मी वही उघडतो, बाटलीची किंमत आणखी एका जेवणावर वाटून टाकतो, आणि दर प्लेटीचा आकडा थोडा खाली येतो. ह्याच गतीनं गेलं तर होळीपर्यंत आपण ओल्डहॅमच्या बरोबरीला येऊ.